आधी वेत विचारा: गेममधल्या घोड्यांची तुलना कशी करायची

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या दारात कायम दोन म्हशी असतात. त्या घ्यायला आण्णा पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात जायचे, तेव्हा त्यांच्या मागं मीही लहानपणापासून फिरलोय. विकणारा सांगतो, "बारा लिटर देती, मालक." आण्णा त्या बारा लिटरकडं लक्षच देत नाहीत. विचारतात, "कितवं वेत? व्याली कधी? खायला काय घालतोयस?" तिसऱ्या वेताची, व्यायला दीड महिना झालेली, सरकी आणि पेंडीवर असलेली म्हैस 12 लिटर देत असली तर ती बरी म्हैस. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, नुसत्या उसाच्या वाड्यावर (शेंड्याच्या पाल्यावर) असलेली म्हैस 9 लिटर देत असली तर आण्णा लगेच दावं हातात घेतात.

एवढं सगळं बघत वाढलेला मी, घोडे-पैदाशीच्या गेममध्ये पहिला मोठा घोडा घेतला तो मात्र निव्वळ आकडा बघून. गेमची सवय लावली भाचीनं. "मामा, तुम्ही फक्त माझ्या घोड्यांना वैरण घाला, मी क्लासला जाऊन येते," असं म्हणून तिनं फोन हातात दिला आणि महिन्याभरात माझाच तबेला तिच्यापेक्षा मोठा झाला. बाजारात एक 14 वर्षांचा नर दिसला. त्याच्या कौशल्यांची बेरीज माझ्या सगळ्या घोड्यांपेक्षा दीडपट. तीन महिने साठवलेली गेममधली नाणी एका रात्रीत घालवली. भाचीनं त्याचं नाव ठेवलं रंकाळा. त्याला माझ्या पाचही घोड्या लावल्या आणि पाचही शिंगरं घरच्या जुन्या नराच्या शिंगरांपेक्षा हलकी निघाली. मग बसलो वही घेऊन. त्या वहीतनं जी रीत तयार झाली ती इथं मांडतोय. तुम्ही कुठलाही घोड्यांचा गेम खेळत असाल, थोड्या फरकानं ती लागू पडते.

पहिली पायरी: आकड्याची फोड करा

प्रोफाइलवर ठळक दिसणाऱ्या मोठ्या आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, घोडा जन्मताना घेऊन आला ते. दोन, मालकानं प्रशिक्षण देऊन, फिरवून, स्पर्धा खेळवून चढवलं ते. तीन, खोगीर, लगाम, सोबतीचा प्राणी किंवा एखादं औषध यानं तात्पुरतं वाढलेलं. शिंगराला मिळतो तो पहिला भाग. दुसरा भाग स्पर्धेत कामाला येतो, तिसरा खोगीर काढलं की गेला.

हाउर्स या गेमचं उदाहरण घेऊ. 2005 साली फ्रान्समध्ये इक्विडेओ या नावानं तो सुरू झाला. त्यात सहा कौशल्यं आहेत: दम, वेग, ड्रेसाज (शिस्तीत चालवायच्या चाली), चौखूर धाव, दुडकी आणि उडी. शिवाय आनुवंशिक क्षमता असा वेगळा आकडा दिसतो, त्याला खेळणारे सरळ 'जीपी' म्हणतात. पैदाशीसाठी दोन घोडे ताडताना नजर जीपीवर ठेवायची, कौशल्यांच्या बेरजेवर नाही. रंकाळाची बेरीज फुगली होती स्पर्धा आणि फेऱ्यांनी, कारण आधीच्या मालकानं त्याच्यावर खरंच कष्ट घेतले होते. जीपी मात्र माझ्या घरच्या नरापेक्षा कमी होती. ती त्याच पानावर, दोन ओळी खाली लिहिलेली होती. मी वाचलीच नव्हती.

त्याच गेममध्ये 'ब्लप' नावाचा आणखी एक आकडा असतो, उणे 100 पासून 100 पर्यंत. इथं बहुतेक जण फसतात. घोडा 10 वर्षांचा झाला, प्रशिक्षण पूर्ण झालं आणि 20 स्पर्धा जिंकल्या की ब्लप 100 वर जातो. म्हणजे हा आकडा घोड्याच्या रक्ताबद्दल काही सांगत नाही, मालकानं काम पुरं केलं का एवढंच सांगतो. तरी त्याकडं दुर्लक्ष करून चालत नाही. आई-बापाचा ब्लप अर्धवट असताना पैदास केली तर त्यांच्यात आहे ते शिंगरात पूर्ण उतरत नाही. म्हणून तुलना जीपीची करायची आणि घोडी लावायची ती दोघांचा ब्लप 100 झाल्यावर.

गंमत अशी की खऱ्या जगातला ब्लप याच्या अगदी उलट कामासाठी आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या चार्ल्स हेंडरसन यांनी ही संख्याशास्त्रीय पद्धत 1950 च्या आसपास मांडली. पुढं ती गाजली ती दुधाच्या जनावरांमुळं. वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या खाद्यावर वाढलेल्या लेकींच्या दुधावरनं त्यांच्या बापाची खरी किंमत काढायची कशी, हा तो प्रश्न. गोठ्याचा, वेताचा, खाद्याचा वाटा बाजूला काढून उरतं ते रक्ताचं. आण्णा दावणीला उभं राहून तोंडी करतात तेच हे, फक्त गणितानं केलेलं.

एक लहानशी सूचना. आकडा वाढला म्हणजे माल चांगला, असं प्रत्येक गेममध्ये नसतं. झेड रन या घोड्यांच्या शर्यतींच्या गेममध्ये घोड्यांना झेड 1, झेड 2 असे जनुकप्रकार होते आणि आई-बापांचे आकडे मिळवून शिंगराचा आकडा यायचा. तिथं लहान आकडा जास्त शुद्ध. नवीन गेममध्ये पाय ठेवला की आधी मदतीच्या पानावर बघून घ्या, कुठला आकडा कुठल्या दिशेनं चांगला ते.

दुसरी पायरी: दोघांना एका वयावर, एका अवस्थेत आणा

वही घ्या नाहीतर फोनवर एक्सेल उघडा. प्रत्येक घोड्याला एक ओळ. रकाने एवढे पुरतात: नाव, जात, नर की मादी, गेममधलं वय, जन्मजात आकडा, सध्याचा आकडा, प्रशिक्षण किती टक्के झालं, आई, बाप, नोंदीची तारीख. शेवटचा रकाना गाळू नका. हाउर्ससारख्या गेममध्ये घोडा रोज दोन महिन्यांनी मोठा होतो. आठवडाभरानं तुम्ही तीच ओळ बघता तेव्हा घोडा चौदा महिन्यांनी पुढं गेलेला असतो आणि आपण जुन्या आकड्याशी नवा घोडा ताडत बसतो.

नोंद करताना खोगीर, लगाम, कान-टोपी, सगळं उतरवा. दमलेला किंवा उपाशी घोडा असेल तर आधी त्याला खायला घाला, झोपवा. बाजारात विकणारे एक वेळची धार तुंबवून म्हैस उभी करतात, कास टम्म दिसावी म्हणून. गेममधले विक्रेतेही काही कमी नाहीत. सगळा साज चढवून स्क्रीनशॉट टाकतात. साज काढलेलं पान बघायला मागा. कुणी दाखवायला का कू करायला लागला तर पुढच्या घोड्याकडं वळा.

जन्मजात आकडा न दाखवणारे गेमही आहेत. तिथं वयाचा फरक काढावा लागतो. आपल्याच तबेल्यातल्या घोड्यांची वयागणिक सरासरी मांडा. समजा, चार वर्षांच्या घोड्यांची सरासरी 1,150 येते आणि नऊ वर्षांच्यांची 1,900. आता तुमच्यापुढं दोन घोड्या आहेत. एक चार वर्षांची, आकडा 1,240. दुसरी नऊ वर्षांची, आकडा 1,960. पहिली आपल्या वयाच्या सरासरीच्या 108 टक्के, दुसरी 103 टक्के. घ्यायची पहिली, आज ती 720 नं मागं दिसत असली तरी.

यात एक खोट आहे, ती मला बऱ्याच उशिरा कळली. तबेल्यात नऊ वर्षांचे जे उरलेत ते तुम्ही निवडून ठेवलेले, हलके तर केव्हाच विकलेत. चार वर्षांच्यांत मात्र बरेवाईट सगळेच आहेत. त्यामुळं मोठ्या वयाची सरासरी खऱ्यापेक्षा चढी येते आणि म्हाताऱ्या घोड्यांवर थोडा अन्याय होतो. उपाय साधा: विकलेल्या घोड्यांच्या ओळी वहीतनं खोडू नका. सरासरी सगळ्यांची काढा.

तिसरी पायरी: कशासाठी हवाय ते ठरवून तोला

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीची जोड लावताना निव्वळ वजन बघत नाहीत. वजन सारखं असलं तरी एकाचा दम मोठा असतो, दुसऱ्याचा डाव. कुस्ती किती मिनिटांची लागलीय त्यावर कुणाचं पारडं जड ते ठरतं. 1912 पासून त्या मैदानात हेच चालत आलंय. घोड्यांच्या गेममध्येही प्रत्येक स्पर्धा सगळी कौशल्यं सारखी मोजत नाही, ठरावीक दोन-तीनच मोजते.

धावण्याच्या स्पर्धेसाठी घोडा हवाय असं समजा. तुमच्या गेममध्ये त्या स्पर्धेला चौखूर धाव 50 टक्के, वेग 30 टक्के आणि ड्रेसाज 20 टक्के लागतं, असं धरू. पहिल्या घोड्याचे आकडे 320, 300 आणि 180. दुसऱ्याचे 250, 260 आणि 360. बेरीज बघितली तर पहिला 800, दुसरा 870. भाची दुसऱ्यावर बोट ठेवणार, मीही तेच केलं असतं. आता तोलून बघा. पहिला: 160 अधिक 90 अधिक 36, म्हणजे 286. दुसरा: 125 अधिक 78 अधिक 72, म्हणजे 275. धावेला पहिलाच. दुसऱ्याची जादाची बेरीज सगळी ड्रेसाजमध्ये अडकलीय. तो ड्रेसाजच्या स्पर्धेत उतरवा, तिथं तो पहिल्याला धूळ चारेल.

हे टक्के गेम सांगत नसेल तर शोधायचे कसे? एकच घोडा घ्या, एकच प्रकारची स्पर्धा घ्या, एका वेळी एकच कौशल्य वाढवा आणि निकालाचे गुण किती हलले ते लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे. दोन-तीन संध्याकाळी जातात. पण एकदा केलं की त्या जातीपुरतं आणि त्या स्पर्धेपुरतं काम संपलं.

सगळ्याच जातींना सगळ्या स्पर्धा जमत नाहीत, तेव्हा तुलना शक्यतो जातीच्या आतच करा. पंढरपुरी म्हैस आणि मुऱ्हा एका दावणीला बांधून दूध मोजण्यात अर्थ नसतो, तसंच हे.

चौथी पायरी: नराची परीक्षा त्याच्या शिंगरांवर

रंकाळानं मला खरा धडा दिला तो इथं, म्हणून इथं जरा थांबतो. नराचा स्वतःचा आकडा कितीही बघा, शेवटी तो शिंगरांत काय उतरवतो ते महत्त्वाचं. आणि विक्रेता दाखवणार ते त्याचं एकच सगळ्यात चांगलं शिंगरू.

करायचं असं. नराची मिळतील तेवढी शिंगरं शोधा, निदान चार. प्रत्येकासाठी आई आणि बाप यांच्या जन्मजात आकड्यांची सरासरी काढा. शिंगराच्या आकड्यातनं ती वजा करा. उरेल तो फरक वहीत लिहा.

पहिल्या नराची चार शिंगरं: 1,740, 1,690, 1,705, 1,665. त्यांच्या आई-बापांच्या सरासऱ्या अनुक्रमे 1,725, 1,680, 1,690, 1,665. फरक आले 15, 10, 15, 0. सरासरी अधिक 10. दुसऱ्या नराची शिंगरं: 1,790, 1,580, 1,610, 1,600. आई-बापांच्या सरासऱ्या 1,815, 1,600, 1,605, 1,620. फरक उणे 25, उणे 20, अधिक 5, उणे 20. सरासरी उणे 15. दुसऱ्याच्या जाहिरातीत 1,790 चं शिंगरू झळकतंय आणि आईच एवढी भारी होती की तिथं कुठलाही बरा नर चालला असता, हे जाहिरातीत कुठंच लिहिलेलं नाही.

यात एक सावधगिरी. बऱ्याच गेममध्ये फार वरच्या जोडीची शिंगरं थोडी सरासरीकडं घसरतात आणि फार खालच्या जोडीची थोडी वर येतात. त्यामुळं ज्याला भारी घोड्या मिळाल्या त्या नराचे फरक आपोआप खाली दिसतात. दोन नर ताडताना त्यांच्या घोड्या साधारण एकाच तोलाच्या निवडा. वरच्या उदाहरणात 1,790 चं शिंगरू बाजूला ठेवलं तरी दुसऱ्या नराची सरासरी उणे 12 च्या आसपासच राहते, म्हणून माझा निकाल बदलत नाही.

ही घसरण किती होते ते मोजायला जनावरांच्या पैदाशीतलं एक जुनं सूत्र कामाला येतं. निवडलेल्या जोड्या कळपाच्या सरासरीपेक्षा जितक्या वर आहेत, त्याला आनुवंशिकतेनं, म्हणजे आई-बापातलं जेवढं शिंगरात उतरतं त्या प्रमाणानं, गुणायचं. येईल ती पुढच्या पिढीतली वाढ. तबेल्याची सरासरी 1,500, निवडलेल्या जोड्यांची 1,700, म्हणजे फरक 200. शिंगरांची सरासरी 1,580 आली तर वाढ 80, आणि 80 भागिले 200 म्हणजे 0.4. ही तुमच्या गेमची आनुवंशिकता. ती 1 च्या जवळ आली तर खुशाल आकडा बघून घोडे घ्या, गेम सगळं पुढं देतोय. 0.3 किंवा 0.4 आली तर एका भारी घोड्यावर नाणी उधळण्यापेक्षा चार बरे घोडे घेऊन त्यांच्या शिंगरांतनं निवड करणं परवडतं. हा आकडा काढायला दहा-पंधरा शिंगरं तरी हवीत. दोन-तीन शिंगरांवरनं काढलेला आकडा म्हणजे नशिबाचा भाग.

पाचवी पायरी: नात्याचा हिशोब

चांगला नर सापडला की सगळा तबेला त्याच्याच लेकी-नातींनी भरतो. मग बापाला लेक आणि भावाला बहीण लागायला लागते. गेमनं याला दंड ठेवला असेल तर आकडा घसरतो, कुठं कुठं शिंगराला रोगही लागतो. दंड आहे की नाही ते नियमात वाचा. असेल तर हे गणित उपयोगी पडतं.

सिवॉल राइट यांनी 1922 साली मांडलेला अंतर्प्रजननाचा गुणांक असा काढतात: बापापासून समाईक पूर्वजापर्यंत वर चढा आणि तिथनं आईपर्यंत खाली उतरा. वाटेत जेवढी जनावरं लागली, दोन्ही टोकं धरून, तेवढे अर्धे एकमेकांना गुणा. सावत्र भावंडांची जोडी: भाऊ, समाईक बाप, बहीण, अशी तीन जनावरं. अर्ध्याचा तिसरा घात म्हणजे 12.5 टक्के. सख्ख्या भावंडांना आई आणि बाप अशा दोन वाटा, त्यांची बेरीज 25 टक्के. चुलत, मावस किंवा मामे भावंडांची 6.25 टक्के. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडं घराघरांत होती, त्यामुळं हा शेवटचा आकडा आमच्या घरात वाचून दाखवल्यावर जेवताना बराच दंगा झाला.

मी माझ्यापुरती मर्यादा 6.25 ची ठेवलीय. दोन नर बरोबरीत आले तर माझ्या घोड्यांशी ज्याचं नातं लांबचं तो घेतो.

रंगाबद्दल थोडं

रंगासाठी वेगळा रकाना करा आणि तुलनेत धरू नका. घोड्यांच्या बाजारात पंचकल्याणी घोडा शुभ मानतात, चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की भाव चढतो. गेममध्येही दुर्मीळ रंगाला जास्त किंमत मिळते, पळायला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. विकायलाच पैदास करत असाल तर मात्र रंगाची जनुकं शिका. दोन तांबूस म्हणजे चेस्टनट घोड्यांना तांबूसच शिंगरू होतं. दोन पालोमिनोंची, म्हणजे सोनेरी अंगाच्या घोड्यांची, जोड लावली तर सरासरीनं चारात एक तांबूस, दोन पालोमिनो आणि एक मलईरंगी क्रेमेलो. आणि फ्रेम प्रकारचे, म्हणजे अंगाच्या बाजूंना पांढरे डाग असलेले, दोन घोडे कधी एकमेकांना लावू नका. खऱ्या जगात अशा जोडीतल्या चारातल्या एका शिंगराला ते जनुक दोन्हीकडून येतं, ते पांढरं जन्मतं आणि जगत नाही. रंगांची खरी जनुकं वापरणारे गेम हेही उचलतात.

शेवटी किंमत

इतकं झाल्यावर दोन घोडे जवळजवळ सारखे उरतात. तेव्हा भाव बघा, पण असा: या घोड्यामुळं माझ्या शिंगरांची सरासरी किती वाढेल, आणि त्या एकेका गुणाला किती नाणी पडतात? वरच्या उदाहरणातला पहिला नर 5,000 नाण्यांना असेल आणि शिंगरामागं 10 गुण वाढवत असेल तर गुणाला 500. त्याच तोलाचा दुसरा कुणी 8 गुण वाढवून 2,400 ला मिळत असेल तर गुणाला 300. मी दुसरा घेईन, उरलेल्या 2,600 त एक घोडी येते.

घोडी घेताना वयाला जास्त किंमत द्या. नर एकाच हंगामात बऱ्याच घोड्यांना लागतो. घोडी 11 महिने गाभण राहते, तेवढा काळ तिच्याकडनं दुसरं शिंगरू नाही. चार वर्षांची घोडी आणि बारा वर्षांची घोडी जीपीला सारख्या असल्या तरी पहिलीची कितीतरी वेतं बाकी आहेत.

रंकाळा अजून तबेल्यात आहे. पैदाशीला नाही, फक्त दमाच्या स्पर्धांना उतरवतो आणि तिथं तो अधूनमधून जिंकतो, वैरणीचे पैसे काढतो. एकदा विकायला काढला होता. तासाभरात भाचीचा फोन आला, "मामा, त्याचं नाव मी ठेवलंय." जाहिरात मागं घेतली.